आधी थांबायला शिका

प्रश्न : माझं वय ४१. गेल्या तीन महिन्यांत मी विंड टनेलमध्ये, म्हणजे तळाच्या जाळीखालून येणाऱ्या जोरदार वाऱ्यावर तरंगायच्या काचेच्या उभ्या नळीत, सहा वेळा, प्रत्येकी दोन मिनिटं उडाले. पोटावर तरंगता येतं, पण मी भिंतीकडे सरकत राहते आणि प्रशिक्षक सारखी ‘सैल सोडा’ची खूण करतात. वर्षअखेरीपर्यंत हेड डाउन, म्हणजे डोकं खाली करून उडायला शिकायचं, असं वहीत लिहून ठेवलंय. पण दर वेळी बाहेर आले की वाटतं, आज काहीच जमलं नाही. उद्दिष्टं ठरवायची तरी कशी?

उत्तर : काहीच जमलं नाही, हे मला मुळीच मान्य नाही. विमानातून साधारण ४,००० मीटरवरून उडी घेणाऱ्याला पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर मिळतं. तुम्ही १२ मिनिटं उडालात, म्हणजे डझनभर उड्यांचा वारा अंगावर घेतलात.

अडचण तुमच्या वहीतल्या वाक्यात आहे. ‘हेड डाउन’ एवढंच लिहिलंत, तर ते येईपर्यंतची प्रत्येक दोन मिनिटं तुमच्या लेखी नापासच ठरणार. डोकं खाली केलं की वाऱ्यासमोर येणारं अंग कमी होतं, म्हणून वाऱ्याचा वेग वाढवावा लागतो, ताशी २५० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगात खांद्याची जराशी चूकही तुम्हाला थेट भिंतीवर नेते. म्हणून आधी पोट, मग पाठ, मग बसून आणि नंतर डोकं खाली. या प्रवासाचा हिशेब तासांत होतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मी शिकत होते तेव्हा माझ्या वहीत ओळीने ‘आज वळणं चांगली झाली’ असंच लिहिलेलं असायचं. मग एकदा व्हिडिओ नीट पाहिला. वळण सुरू सुंदर होत होतं, पण थांबतच नव्हतं. ९० अंशांचं ठरवून मी पार मागच्या भिंतीकडे तोंड करून बसत होते. प्रशिक्षकांनी मला बाहेर काचेजवळ नेलं, दाराच्या चौकटीवरचा एक स्क्रू दाखवला आणि म्हणाले, ‘नाक या स्क्रूवर आणून थांबव.’ त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हवेत थांबणं ही वेगळी कृती आहे. उजवीकडे झुकून वळलात, तर नुसतं सरळ होऊन भागत नाही, अंग फिरतच राहतं, कारण पाय रोवायला तिथे जमीन नाही. क्षणभर डावीकडे झुकावं लागतं, आणि लगेच सरळ. पुढची पाच सेशन मी दुसरं काहीही केलं नाही. माझ्या सगळ्या उडण्यातली तीच सर्वांत मोलाची दहा मिनिटं, असं मी आजही मानते.

म्हणून उद्दिष्ट असं लिहा, की काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसेल आणि मोजता येईल. ‘स्थिर राहणे’ असं नको. ‘प्रशिक्षकाच्या कमरेच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर लांब, दहा सेकंद’ असं हवं. ‘सैल सोडणे’ हेही उद्दिष्ट होत नाही, सैल सोडायचा प्रयत्न केला की माणूस आणखी ताठतो. त्याऐवजी बोटं पाहा. घाबरलेल्या माणसाची बोटं वाघनखांसारखी वळलेली असतात. आत शिरण्याआधी लांब श्वास सोडा आणि उडताना बोटं मऊ आहेत का, एवढंच तपासा. बोटं सुटली की खांदे आपोआप सुटतात.

भिंतीकडे सरकता म्हणता, पण पुढे की मागे? पाय ताठ लांब झाले की शरीर पुढे जातं, गुडघे जास्त दुमडले की मागे. प्रशिक्षकांची दोन सरळ बोटं म्हणजे पाय लांब करा, दोन वाकडी बोटं म्हणजे दुमडा. दर सेशननंतर कोणती खूण किती वेळा झाली, ते विचारून लिहा. तीच तुमची खरी प्रगतिपुस्तिका. हनुवटी वर राहतेय ना, हेही विचारा. खाली जाळीकडे पाहिलं की छाती आत जाते आणि सगळा तोल बिघडतो.

हे बसलं की पाठीवर उडणं मन लावून शिका. पुष्कळजणांना ते रटाळ वाटतं, मला मात्र सगळ्या पुढच्या शिकण्याचा पाया तोच वाटतो. बसून किंवा डोकं खाली करून उडताना तोल गेला, की सावरायला पाठीवरच यायचं असतं. आणि खांदा पूर्वी कधी निखळला असेल, तर उडण्याआधी प्रशिक्षकांना सांगाच.

पुढच्या वेळी पहिल्या मिनिटात दहा सेकंदांची स्थिरता, मोजायला बाहेर कुणाला तरी उभं करा. दुसऱ्या मिनिटात फक्त उजवीकडे ९० अंश, आणि थांबा. डावीकडचं वळण त्याच्या पुढच्या सेशनला.