फोनचा रिव्ह्यू बघताना

रिव्ह्यू बघताना आधी तारीख बघ. फोन बाजारात आला त्याच दिवशीचा व्हिडिओ बहुतेक वेळा कंपनीने आधी पाठवलेल्या फोनवर केलेला असतो. चार दिवसांच्या वापरात बॅटरी वर्षभराने किती टिकेल, हे कुणालाच कळत नाही. म्हणून स्वतः विकत घेतलेला फोन बरेच महिने वापरून केलेले रिव्ह्यू शोध. व्हिडिओखालच्या लिंकवरून कुणी खरेदी केली, की रिव्ह्यू करणाऱ्याला बहुतेक वेळा कमिशन मिळतं. त्याने माणूस खोटा ठरत नाही, पण ‘घेऊ नका’ म्हणणं त्याला महाग पडतं. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगावं, अशी भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ‘ऑफर आजच संपतेय’ असं कुणी म्हटलं, की त्या दिवशी काहीच घेऊ नकोस.