संगणक-शंका : प्रोग्राम गेला, नोंद राहिली

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मराठी टंकलेखनासाठी वापरत असलेला एक जुना प्रोग्राम विंडोज ११ वर नीट चालेना, म्हणून त्याचे फोल्डर मी पुसून टाकले. तेव्हापासून संगणक सुरू केला की ‘रनडीएलएल’ असे शीर्षक असलेली चौकट येते आणि सांगितलेले मॉड्यूल सापडले नाही, असा इंग्रजी संदेश दिसतो. ‘ओके’ दाबले की पुढचे काम सुरळीत चालते. दुरुस्ती करणारे गृहस्थ विंडोज नव्याने टाकायला सांगतात. एक परिचित म्हणतात की हरवलेली फाइल इंटरनेटवरून उतरवून घ्यावी. मी काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : विंडोज नव्याने टाकण्याची गरज नाही, आणि ती फाइल तर कृपा करून कोठूनही उतरवून घेऊ नका. सुट्या डीएलएल फाइली (प्रोग्रामना लागणारे, वेगळ्या फाइलीत ठेवलेले तुकडे) वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून नेमके काय घरात येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय आपल्याला नको असलेल्याच प्रोग्रामचा तुकडा परत आणून साधणार काय?

संदेश शांतपणे वाचला तर त्याचा अर्थ सरळ आहे. सुरू होताना एक फाइल चालवण्याची आज्ञा विंडोजला मिळाली, विंडोजने सांगितलेल्या जागी पाहिले आणि तेथे फाइल नव्हती. फाइल आपण पुसली, आज्ञा मात्र जिथल्या तिथे राहिली. म्हणून शोधायची ती आज्ञा, फाइल नव्हे. डीएलएल फाइल स्वतःहून चालत नाही, तिला चालवणारा विंडोजचा छोटा प्रोग्राम म्हणजे रनडीएलएल. चौकटीवर त्याचे नाव दिसते म्हणून त्यालाच दोषी धरून काढू नये.

टंकलेखनाच्या जुन्या प्रोग्रामना कळफलकावरची प्रत्येक कळ मधल्या मध्ये पकडून तिचे मराठी अक्षर करावे लागे. त्यासाठी ते संगणक सुरू होतानाच स्मृतीत जाऊन बसत, आणि तशी नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम यांच्या मांडणीच्या नोंदवहीत, करून ठेवत. प्रोग्राम ‘अनइन्स्टॉल’ केला असता तर ही नोंद बहुधा त्याच्याबरोबरच निघाली असती; फोल्डर पुसल्याने ती निघत नाही. अर्थात अनइन्स्टॉल केल्यावरही काही गोष्टी मागे राहतात, कारण काढणारा भाग त्याच्या यादीत असेल तेवढेच काढतो, आणि प्रोग्रामने नंतर वापरात असताना केलेल्या नोंदी त्या यादीत पुष्कळदा नसतात.

प्रथम चौकटीतील फाइलचे नाव आणि तिचा पूर्ण मार्ग कागदावर उतरवून घ्या. पुढचा सगळा शोध त्या नावावर चालतो. मार्ग जुन्या प्रोग्रामच्या फोल्डरचा असेल तर चिंता नाही. तो ‘टेम्प’ किंवा ‘अ‍ॅपडेटा’मधला असेल आणि फाइलचे नाव निरर्थक अक्षरांचे असेल, तर मात्र थांबावे, अँटिव्हायरसने एखादा घातक प्रोग्राम पुसला आणि त्याची आज्ञा तेवढी राहिली, असेही घडते. अशा वेळी विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस असलेल्या डिफेंडरमधील ‘ऑफलाइन स्कॅन’ आधी चालवावा. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, म्हणून हातातले काम जतन करून ठेवावे.

त्यानंतर ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ चालू आहे ना हे पाहून एक ‘रिस्टोअर पॉइंट’ (काही बिघडल्यास विंडोजची मांडणी जिथवर मागे नेता येते तो टप्पा) तयार करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा व ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये जा. ज्या नोंदीची फाइल उरलेली नाही ती येथे पुष्कळदा नुसती ‘प्रोग्राम’ अशी, चिन्हाविना दिसते. स्तंभांच्या शीर्षकावर माउसची उजवी कळ दाबून ‘कमांड लाइन’ हा स्तंभ उघडला की त्या नोंदीमागची आज्ञा दिसते. कागदावरचे नाव तेथे आढळले तर ती नोंद ‘डिसेबल’ करा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

तेथे काही सापडले नाही तर ‘टास्क शेड्युलर’ पाहावा लागतो, कारण ‘लॉग-ऑन झाल्यावर अमुक चालव’ अशी आज्ञा तेथेही ठेवता येते. हा शोध किचकट वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारे ‘ऑटोरन्स’ वापरा. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्स्वेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातले हे साधन असून २००६ साली मायक्रोसॉफ्टने तो संच आपल्याकडे घेतला. आपोआप चालू होणाऱ्या बहुतेक सर्व गोष्टी ते एकाच यादीत दाखवते आणि ज्यांची फाइल जागेवर नाही त्या ओळी पिवळ्या करते. पिवळी दिसली की पुसली, असे मात्र करू नका. निरोगी संगणकातही अशा एकदोन ओळी असतात. आपल्या कागदावरच्या नावाची ओळ शोधून तिच्यापुढची खूण तेवढी काढा. खूण काढल्याने नोंद नष्ट होत नाही, बाजूला ठेवली जाते आणि पुन्हा खूण केली की परत येते. आठवडाभर सर्व सुरळीत चालले की मग ती कायमची काढावी. आधी बंद करावे, पुसणे नंतर, हा क्रम मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण चूक झाली तर ती उलटवता आली पाहिजे.

एक गोष्ट मात्र ‘उरलेली’ म्हणून काढू नका, आणि ती म्हणजे त्या प्रोग्रामचे फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी आजची पद्धत, येण्यापूर्वीच्या अशा प्रोग्राममध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट गेला की आपले वर्षानुवर्षांचे लेखन इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक ओळींसारखे दिसू लागेल. मजकूर शाबूत असेल, पण वाचता येणार नाही. आधी त्या सर्व फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून, एकेक उघडून जोडाक्षरे आणि रफार तपासून घ्या. पुढच्या लेखनासाठी वेगळा प्रोग्राम लागणारही नाही; मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आहेच, आणि मे २०१९ च्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून उच्चारानुसारी कळफलकही आला आहे.

प्रश्न : मुदत संपलेला अँटिव्हायरस मी रीतसर काढला, तरी त्याच्या सूचना अधूनमधून येतात आणि विंडोजचा डिफेंडर चालू होत नाही. उरलेल्या फाइली हाताने पुसू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हाताने पुसू नका. वरच्या प्रश्नातली नोंद बिनधोक होती, ही तशी नाही. फाइल उघडताना ती तपासता यावी म्हणून अँटिव्हायरस आपले ड्रायव्हर (विंडोज आणि उपकरणे यांच्यामध्ये काम करणारे छोटे प्रोग्राम) विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसवतो. ड्रायव्हरची फाइल पुसली आणि त्याचे नाव रजिस्ट्रीतील यादीत राहिले, तर तो ड्रायव्हर ज्या उपकरणाशी जोडलेला असेल ते चालू करताना विंडोज अडते. सीडी लिहिण्याचे प्रोग्राम काढल्यानंतर सीडी ड्राइव्हच दिसेनासा होण्याचा जुना अनुभव अनेकांना असेल; त्यामागे हेच कारण असे. अडकलेला ड्रायव्हर हार्ड डिस्कशी संबंधित असला तर संगणक सुरूच न होण्यापर्यंत वेळ येते.

म्हणून ज्या कंपनीचा अँटिव्हायरस होता तिच्याच संकेतस्थळावर ‘रिमूव्हल टूल’ शोधा. बहुतेक कंपन्या असे साधन विनामूल्य देतात, कारण नेहमीच्या अनइन्स्टॉलने सर्व निघत नाही हे त्यांनाही ठाऊक असते. साधन उतरवून घ्या, शक्य असेल तर संगणक ‘सेफ मोड’मध्ये (फक्त अत्यावश्यक भाग चालू ठेवणाऱ्या अवस्थेत) सुरू करून ते चालवा. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू केला की डिफेंडर बहुधा आपण होऊन चालू होतो. पूर्वी एकाहून अधिक अँटिव्हायरस वापरले असतील तर प्रत्येकाचे साधन वेगळे चालवावे लागेल.

प्रश्न : रजिस्ट्री साफ करणारा एखादा चांगला प्रोग्राम सुचवाल का? शिवाय ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘इन्स्टॉलर’ नावाचे उपफोल्डर फार जागा खाते, ते रिकामे केले तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. रजिस्ट्रीत उरलेल्या निरुपयोगी नोंदी क्वचितच कोणाला त्रास देतात आणि त्या काढल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उलट सरसकट सफाईत कामाची नोंद गेली तर नवाच दोष उभा राहतो. अशी साधने वापरण्यास मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. त्यांचे स्वतःचे ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीन अप’ हे साधनसुद्धा इतर प्रोग्रामच्या घटकांना इजा पोचवते असे आढळल्यावर मागे घेण्यात आले होते.

‘इन्स्टॉलर’ फोल्डरमध्ये आपल्या प्रोग्रामच्या दुरुस्तीसाठी, सुधारणेसाठी आणि ते काढण्यासाठी लागणाऱ्या फाइली असतात. त्या पुसल्या की ‘जुनी आवृत्ती काढता येत नाही’ अशा अर्थाचा १७१४ क्रमांकाचा दोष किंवा मूळ फाइल मिळत नसल्याचा १६१२ क्रमांकाचा दोष येऊ लागतो. आपण पूर्वीच काही पुसले असेल आणि असा दोष येत असेल, तर मायक्रोसॉफ्टचे ‘प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ चालवून त्यात त्या एकाच प्रोग्रामचे नाव निवडा. जागा हवी असेल तर ‘सेटिंग्ज’मधील ‘स्टोरेज’ उघडून तेथील तात्पुरत्या फाइली काढा.