डेव्हलपमेंट बोर्डवर चालते, मग स्वतःच्या पीसीबीवर का नाही?

प्रश्न : ईएसपी-३२ या वाय-फाय असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या डेव्हलपमेंट बोर्डवर (चाचणीसाठी मिळणाऱ्या तयार बोर्डवर) माझे सर्किट उत्तम चालले; तेच चिपचे मॉड्यूल स्वतःच्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) बसवल्यावर मात्र वाय-फाय सुरू होताच रीसेट होते. असे का व्हावे?

उत्तर : वाय-फायचे प्रक्षेपण सुरू होताना विजेची मागणी क्षणात वाढते आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा तेवढा समर्थ नसेल, तर व्होल्टेज खाली येऊन चिप रीसेट होते. म्हणून निदान ५०० मिलिअँपिअर देणारा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर राखणारा घटक) घ्यावा आणि मॉड्यूलच्या पुरवठा पिनला अगदी लगटून १० व ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर (क्षणिक मागणीसाठी वीज साठवणारे घटक) बसवावेत. हे अंतर फार महत्त्वाचे आहे. दूर बसवलेला कपॅसिटर ऐनवेळी पुरा पडत नाही. डेव्हलपमेंट बोर्डवर ही तजवीज आधीच केलेली असते आणि त्याचा सर्किट आराखडा उत्पादकाने प्रसिद्ध केलेला असतो. तो समोर ठेवून आपला प्रत्येक घटक त्याच्याशी ताडून पाहावा, ही माझी आग्रहाची विनंती.