पाऊस पडला की खरखर थांबते? मग फिल्टर नको, खांब शोधा

तुम्ही लिहिलंय की हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) दुपारपासून एस९ची, म्हणजे सिग्नल मीटरवर खूप जोरदार दिसणारी खरखर असते, पाऊस पडला की गायब होते आणि दोन दिवस ऊन पडलं की परत सुरू. हे माझंच जुनं दुखणं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नव्या अँटेनावर किंवा महागड्या फिल्टरवर पैसे घालू नका.

घरातला मेन स्विच बंद करून बॅटरीवर ऐकलं असेलच, असं धरून चालतो. पावसात थांबणारा आवाज बहुधा ११ केव्हीच्या लाईनवरचा असतो. सैल नट, सुटत आलेली बाईंडिंग वायर, ताण कमी असलेल्या तारेची डिस्क (थाळीच्या आकाराचा इन्सुलेटर), अशा ठिकाणी दोन धातूंमध्ये बारीक फट राहते. ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात व्होल्टेज दोनदा शिखरावर जातं आणि तिथे ठिणगी पडते. आवाज रेकॉर्ड करून लॅपटॉपवर बघा, दर १० मिलिसेकंदांनी झुबके दिसतील. फटीत पाणी गेलं की ठिणगी थांबते.

माझा सगळ्यात जास्त वेळ वीज कार्यालयाने खाल्ला. तक्रार केली की वायरमन यायचा, मीटरपाशी व्होल्टेज बघायचा, "लाईट आहे ना साहेब?" म्हणून निघून जायचा. संध्याकाळी मेसेज: पुरवठा सुरळीत, तक्रार निकाली. अख्खा उन्हाळा यात गेला. हॅम रेडिओचा परवाना दाखवला तर म्हणाले, दिल्लीला लिहा. उद्या जो नट फीडर (भागाला वीज देणारी लाईन) बंद पाडू शकतो, तो आज कुणी फुकटात दाखवतोय, आणि त्यालाच दारातून परत पाठवायचं! याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत, इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल: अर्जाची सुरुवात रेडिओपासून करू नका. फीडरचं नाव, खांबाचा नंबर, "इन्सुलेटरजवळ स्पार्किंगचा संशय" एवढंच लिहा आणि फोटो जोडा. माझं काम झालं ते एका तरुण कनिष्ठ अभियंत्यामुळे. ते खांबाखाली आले, माझ्या रेडिओचा इयरफोन कानाला लावला, यागी (एकाच दिशेने ऐकणारा अँटेना) स्वतः हातात घेऊन शेजारच्या खांबाकडे वळवला आणि परत आणला. पुढचं काही समजवावं लागलं नाही. मान्सूनपूर्व देखभालीच्या शटडाऊनमध्ये डिस्क बदलली गेली.

खांब मात्र नेमका सापडला पाहिजे. ७ मेगाहर्ट्झवर ऐकत फिरू नका, तिथे आवाज तारेवरून लांब जातो आणि भलत्याच खांबाखाली जोरात येतो. १४५ मेगाहर्ट्झला, एएम मोडमध्ये, तीन एलिमेंटचा यागी घेऊन चाला. एफएमवर ही खरखर दबते. जवळ आलात की ४३५ मेगाहर्ट्झला जा. तिथेही जो खांब ठणठणीत ऐकू येतो, त्याचा नंबर लिहून घ्या.

मी विजेच्या खात्यातला माणूस नाही, पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. खांबावर हातोडा मारून किंवा स्टे वायर (खांबाला ताण देणारी तार) हलवून आवाज बदलतो का ते बघण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. तडकलेला इन्सुलेटर तुटला तर जिवंत तार अंगावर येते.

तोपर्यंत रेडिओतला नॉइज ब्लँकर (असे झटके क्षणभर दाबणारी सोय) लावून बघा. अशा झुबक्यांवर तो चांगला चालतो, फक्त शेजारी जोरदार स्टेशन असेल तर ऑडिओ फाटतो, तेव्हा बंद करा. आणि अर्ज एप्रिलमध्येच द्या, शटडाऊनच्या तारखा ठरण्याआधी.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).