'ओमोनिया'ला सामंजस्य म्हणू नका

प्रश्न असा : बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातल्या लग्नाच्या चांदीच्या अंगठीवर नवराबायकोच्या चित्राखाली 'ओमोनिया' हा ग्रीक शब्द कोरलेला असतो. त्याला मराठीत सामंजस्य म्हणावं का? आणि अक्षरांतल्या काळ्या भरावाला मीनाकारी?

मीनाकारी तर मुळीच नाही. मीना म्हणजे रंगीत काच. हा भराव नीलोचा : चांदी, बहुधा थोडं तांबं आणि गंधक यांचं काळं मिश्रण. ते कोरलेल्या खाचेत भरून तापवतात आणि गार झाल्यावर घासून सपाट करतात. 'काळी मीनाकारी' हा शब्दप्रयोग आता तरी थांबावा.

सामंजस्यात तर 'मन' नाहीच. शब्द आला 'समंजस'वरून, त्यात 'अंजस्' म्हणजे सरळ, योग्य. म्हणून 'सामंजस्य करार' शोभतो. लग्नाच्या अंगठीवर तो शब्द कोरडा वाटतो. ग्रीक 'ओमोनिया'त 'होमोस' म्हणजे सारखा, हा आपल्या 'सम'चा सख्खा भाऊ. आणि 'नूस' म्हणजे मन, बुद्धी. ('नूस' आणि 'मन' मात्र सगोत्र नाहीत, ती ओढाताण करू नये.) अगदी हाच जोड अथर्ववेदातल्या 'सांमनस्य' या शब्दात आहे, म्हणून 'ओमोनिया'ला सांमनस्य म्हणावं : 'सहृदयं सांमनस्यमविद्वेषं कृणोमि वः' (३.३०.१). पुढच्याच ऋचेत मुलाने आईशी 'संमनाः' असावं आणि बायकोने नवऱ्याशी गोड बोलावं, असं मागणं आहे. हे सूक्तच कुटुंबाचं! रोमन लोकांच्या 'कोन्कोर्दिया'त हृदय, ग्रीकांच्या 'ओमोनिया'त मन; इथे एका ओळीत दोन्ही.

लग्नातली 'ओमोनिया' ही निखळ ख्रिस्ती कल्पना असल्याचं जे लिहितात त्यांनी नाणी पाहावीत. रोमन शिल्पांत उजवे हात जुळवणाऱ्या जोडप्यामागे देवी कोन्कोर्दिया उभी असते. इ.स. ४५० मध्ये सम्राट मार्किआन आणि सम्राज्ञी पुल्केरिया यांच्या लग्नाच्या सोन्याच्या नाण्यावर त्याच जागी ख्रिस्त आहे. माणूस बदलला, मांडणी तीच. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहातल्या सोन्याच्या कमरपट्ट्यावरही ख्रिस्त जोडप्याचे हात जुळवतो आणि लेख म्हणतो : 'देवाकडून ओमोनिया, कृपा, आरोग्य'.

त्याच संग्रहातल्या अंगठीवर 'ओमोनिया' शब्दातल्या 'ओमिक्रॉन-इओटा' या ग्रीक अक्षरांच्या जोडीऐवजी एकच 'उप्सिलॉन' आहे. ही खोट नव्हे. दोन्हींचा उच्चार तेव्हा एकच झाला होता. कारागिराने कानाला ऐकू आलं तसं कोरलं.