खोकी घरात, लिखाण अडलेलं: स्वतःचं पुस्तक काढल्यावर उमेद कशी टिकवायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहता. दिवाळीत स्वतःच्या खर्चाने कथासंग्रह काढलात: १६० पानं, किंमत २५० रुपये, ५०० प्रती. आता मार्च चालू आहे. १४० प्रती विकल्या गेल्या, त्या बहुतेक ओळखीपाळखीत. ६० भेट दिल्या, ४० प्रती दुकानांत ठेवल्या, उरलेल्या २६० घरात आहेत. दुसरं पुस्तक अर्ध्यावर अडलंय आणि "उत्साहच राहिला नाही, काय करू" असं तुम्ही विचारलंय.

तुमचा उत्साह गेला त्याचं कारण हिशेबात आहे, लिखाणात नाही. स्वतः पुस्तक काढणारा माणूस लेखकही असतो आणि प्रकाशकही. प्रकाशकाच्या वहीतला आकडा बघून तो लेखकाला नापास करतो. या दोघांची कामं, वेळ आणि पैसे वेगळे केले की निम्मा भार उतरतो. कसे करायचे ते सांगतो.

आधी प्रकाशकाची वही. तुमचे खरे आकडे घाला, मी उदाहरणापुरते धरतो. संपादन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ मिळून २५,०००, छपाई प्रतीला ८५ रुपयांनी ४२,५००, एकूण ६७,५००. दुकानाशिवाय थेट, सवलतीत २०० रुपयांना विकलेल्या १४० प्रतींचे २८,००० आले. राहिले ३९,५००. म्हणजे अजून १९८ प्रती अशाच थेट गेल्या की मुद्दल सुटतं. हे दीड वर्षावर पसरवा: महिन्याला ११ प्रती. "२६० प्रती पडून आहेत" हे वाक्य झोप उडवतं, "या महिन्यात ११ प्रती" हे काम आहे. पुस्तक दुधासारखं नासत नाही, त्यामुळे चार महिन्यांत सगळं विकलं जावं ही अपेक्षा मुळातच चुकीच्या मुदतीची आहे. पहिल्या दोन महिन्यांत ओळखीचे घेतात, मग एकदम शांतता होते. हे जवळजवळ प्रत्येक स्वप्रकाशित मराठी पुस्तकाचं होतं. अनोळखी वाचक प्रकाशन समारंभाला येत नसतो, त्याच्यापर्यंत पुस्तक न्यावं लागतं.

वहीत चार रकाने ठेवा: विकल्या, भेट, दुकानात, घरात. दुकानात ठेवलेली प्रत म्हणजे विक्री नव्हे, ती अजून तुमचीच आहे. ही वही महिन्यातून एकदाच उघडायची, पहिल्या रविवारी. ई-बुक किंडलवर असेल तर त्याचा विक्री-क्रमांकही तेव्हाच बघा. तो क्रमांक इतर पुस्तकांच्या तुलनेत ठरतो आणि सतत बदलत राहतो. एक-दोन प्रती गेल्या तरी उडी मारतो आणि काही नाही झालं तरी खाली घसरतो. रोज बघितलात तर रोज मूड जाईल आणि हाती माहिती काहीच लागणार नाही. रॉयल्टीसुद्धा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी जमा होते, त्यामुळे खात्यात काही दिसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता खोकी. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण मनावर तिचा परिणाम मोठा असतो. डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, १६० पानं म्हणजे एक प्रत साधारण १९० ग्रॅम. तुमच्या २६० प्रती मिळून जवळपास ५० किलो. एवढं वजन लिहायच्या टेबलाशेजारी रचून ठेवलंत तर लिहायला बसताना पहिली नजर त्याच्यावरच जाणार. खोकी दुसऱ्या खोलीत हलवा, लिहायच्या जागी फक्त एक प्रत ठेवा.

आणि पावसाळ्याआधी त्यांची नीट व्यवस्था करा. ठाण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका दमटपणा असतो की मुखपृष्ठं बाहेरच्या बाजूला वळतात. त्याचं कारण साधं आहे: लॅमिनेशन फक्त बाहेरून असतं, त्यामुळे आतली उघडी बाजू ओल शोषून फुगते आणि कव्हर लॅमिनेशनच्या बाजूला वाकतं. खोकी जमिनीवर ठेवू नका, फळी किंवा पाट घाला. पावसाच्या माऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. प्रती आडव्या रचा, एकीचा कणा डावीकडे तर पुढचीचा उजवीकडे, म्हणजे थप्पी कलत नाही. वर एखादी सपाट जड वस्तू ठेवा. खोकं पूर्ण प्लॅस्टिकने गुंडाळणार असाल तर ते आत्ताच, कोरड्या हवेत. जुलैत गुंडाळलंत तर ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. वळलेली प्रत हातात आली की गिऱ्हाईक ती खाली ठेवतं, आणि आपल्याला वाटतं की कथा आवडली नाही.

दुकानांच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे: कमी प्रती, जास्त दुकानं. ४० टक्के कमिशन धरलं तर २५० च्या पुस्तकामागे तुमच्या हातात १५० येतात, तेही विक्रीनंतर. एका दुकानात २० प्रती दिल्या तर दोन फळीवर राहतात आणि अठरा माळ्यावर जातात. पाचच द्या. देताना दोन प्रतींत चलन, म्हणजे माल दिल्याची पावती, करा: तारीख, प्रती, कमिशनचा दर, किती महिन्यांनी हिशेब, न विकलेल्या प्रती परत. खाली सही आणि शिक्का. हे नसेल तर सहा महिन्यांनी काउंटरवर दुसराच माणूस असतो आणि त्याला काही ठाऊक नसतं. हिशेबाला सकाळी जा. संध्याकाळी गोखले रोडला दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते, आणि गर्दीत मिळालेलं तुटक उत्तर आपण घरी घेऊन येतो.

खरी उभारी अनोळखी वाचक देतो, आणि तो ठाणे-नवी मुंबईत भरपूर आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिथे पुस्तकाची प्रत आणि एक पानी पत्र घेऊन ग्रंथपालांना भेटा. आसपासच्या छोट्या सार्वजनिक ग्रंथालयांनाही भेटा. अनुदानित ग्रंथालयांची खरेदी बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपता संपता होते, म्हणून मार्च हा घरी बसायचा महिना नाही. साधं छापील बिलबुक जवळ ठेवा. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव कधी आहे ते जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारून ठेवा. सहा महिन्यांनी परत जाऊन पुस्तक किती वेळा घरी गेलं ते विचारा. ग्रंथालयातून सात जणांनी नेलं असेल तर ते सात वाचक वहीत कुठेच दिसत नाहीत, पण ते तुमचेच आहेत.

कायद्याचं एक काम यातच उरकून घ्या. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं यांना स्वखर्चाने पाठवायच्या असतात. स्वतः छापलं म्हणजे प्रकाशक तुम्हीच. राहिलं असेल तर या आठवड्यात पाठवा. तुमचं पुस्तक देशाच्या ग्रंथसूचीत जाण्याची ती वाट आहे, आणि विक्री थांबली तरी ते तिथे राहतं.

दुसरी जागा म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, सोसायट्यांचे वाचनकट्टे. घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ, इकडे नौपाडा, कळवा, कासारवडवली, बहुतेक ठिकाणी असा एखादा गट असतो आणि त्याला कार्यक्रम हवाच असतो. घंटाळीजवळचा आचार्य अत्रे कट्टा तर ठाणेकरांना माहीत आहेच. आधी श्रोते म्हणून जा. अध्यक्षांना फोन करून अर्धा तास मागा आणि त्यात एक कथा वाचा. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० शब्द जातात, म्हणजे १५ मिनिटांत १,८०० शब्द. कथा त्यापेक्षा मोठी असेल तर आधीच कापून तयार ठेवा, ऐनवेळी पानं उलटू नका. उरलेला वेळ श्रोत्यांना बोलू द्या. अशा कार्यक्रमात सगळ्यात जास्त घोळ होतो तो "हे पुस्तक मी कसं लिहिलं" यावर वीस मिनिटं बोलण्याने; कथा ऐकायलाच मिळाली नाही तर कोण घेणार? सोबत १५ प्रती, क्यूआर कोडचा छापील कागद आणि पन्नास-शंभरच्या सुट्या नोटा. टेबलावर दुसरं कुणीतरी बसवा, म्हणजे तुम्ही माणसांशी बोलायला मोकळे राहता. महिन्याला असा एक कार्यक्रम झाला तरी ११ चा आकडा आवाक्यात येतो.

अभिप्रायाबद्दल. "छान आहे, आवडलं" याने मन भरत नाही, कारण त्यात पुस्तकातलं काहीच नसतं. नेमकं विचारा: कोणती कथा अर्ध्यावर सोडावीशी वाटली? कोणतं माणूस लक्षात राहिलं? कुठे परत मागे जाऊन वाचावं लागलं? कडक प्रतिक्रिया आली तर दोन दिवस उत्तर देऊ नका, मग ती कोणत्या प्रकारची आहे ते बघा. आवडीनिवडीची असेल तर सोडून द्या. रचनेची असेल आणि तीन वेगवेगळ्या वाचकांनी तेच म्हटलं असेल, तर दुसऱ्या पुस्तकासाठी लिहून ठेवा. मुद्रणदोषाची असेल तर आभार माना. मराठीत हे दोष बऱ्याचदा फॉन्ट बदलताना शिरतात: मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला, अक्षरजुळणी जुन्या फॉन्टमध्ये, रूपांतरात "दुसऱ्या", "बिचाऱ्या" मधला र मोडतो, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. म्हणून शेवटचं मुद्रितशोधन कायम पानं लागल्यावर, कागदावर करायचं. तुमच्या एका प्रतीवर "दुरुस्ती प्रत" लिहा आणि लाल शाईने खुणा करत जा. चूक एकदा तिथे नोंदली की ती डोक्यात फिरत राहत नाही.

आणखी एका गोष्टीपासून जपा. खचलेला लेखक हा काही लोकांचा धंदा असतो. प्रवेशशुल्क भरून मिळणारे पुरस्कार, पैसे घेऊन छापली जाणारी परीक्षणं, "तुमचं दुसरं पुस्तक आमच्या पॅकेजमध्ये" असे फोन नेमके याच महिन्यांत येतात. पैसे मागणारा पुरस्कार घेऊ नका. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहेत. त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि तुमचं पुस्तक कोणत्या वर्षाच्या प्रवेशिकेत बसतं ते बघून पाठवा. तसंच कुणाची "तिसरी आवृत्ती" दिसली की मन खट्टू करून घेऊ नका. आवृत्ती ३०० ची होती की ३,००० ची, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

आता लेखकाचं काम. प्रकाशकाची सगळी कामं, म्हणजे फोन, पार्सलं, पोस्ट, हिशेब, शनिवारच्या दोन तासांत बसवा. बाकी दिवशी त्याला हात लावायचा नाही. लिखाणाला आठवड्यातले पाच दिवस, रोज ३०० शब्द. हे मुद्दाम कमी ठेवलंय. ठाणे-वाशी लोकलने उभं राहून घरी आलेल्या माणसालाही जमेल असं. आठवड्याला १,५०० शब्द झाले की अडीच हजारांची कथा दोन आठवड्यांत उभी राहते. रात्री होत नसेल तर सकाळी, फोन हातात घेण्याआधी. वेळ कोणतीही चालेल, पण एकच ठेवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ६०० लिहायला जाऊ नका. तो भरपाईचा हट्ट आठवडाभरात सगळंच बंद पाडतो. त्या दिवसापुरतं सोडा, पुढे ३०० च.

अर्ध्यावर अडलेल्या पुस्तकाकडे लगेच परतू नका. आधी एक सुटी कथा पूर्ण करा, दिवाळी अंकासाठी. बरेच संपादक एप्रिल ते जून या काळात साहित्य मागवतात, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. अंकाचं गेल्या वर्षीचं रूप बघून मगच पाठवा, एक कथा एका वेळी एकाच अंकाला. उत्तर न येणं नेहमीचं आहे. दोन महिने थांबून नम्रपणे विचारा, मग दुसरीकडे पाठवा. छापून आली तर शेकडो अनोळखी घरांत तुमचं नाव जातं आणि छपाईचा खर्च तुमचा नसतो. सोबतीला चार-पाच लिहिणारी माणसं असतील तर पंधरवड्यातून एकदा भेटून एकमेकांचं वाचा. ज्यांना पुस्तक विकायचं आहे त्यांच्यापेक्षा ज्यांना लिहायचं आहे अशी निवडा.

निरुत्साह फक्त लिखाणापुरता नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि दोन आठवडे तसंच चाललं असेल, तर तो या उत्तराचा विषय नाही. डॉक्टरांना भेटा, मानसिक आरोग्यासाठीचा टेलि-मानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ५०० छापू नका. डिजिटल छपाईत प्रतीमागे खर्च जास्त येतो, पण १०० प्रती काढून, चुका दुरुस्त करून, पुढच्या ५० मागवता येतात. १६ पानांचा एक फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) धरून पानसंख्या बसवा. १६१ वं पान आलं की अख्खा किंवा अर्धा फॉर्म वाढतो आणि कोऱ्या पानांचे पैसे जातात. आणि पहिल्या पुस्तकाचे उरलेले ३९,५०० वसूल होईपर्यंत दुसऱ्याचा खर्च त्याच वहीत घालू नका, नवी वही करा.