तुळशीचा चहा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पानं चहापत्तीबरोबर उकळावीत की वेगळी? आमच्याकडे दहा मिनिटं खळखळ उकळतात, तरी चव लागत नाही.

उत्तर : उकळता म्हणूनच लागत नाही. तुळशीचा वास तिच्यातल्या तेलाचा. त्यात युजेनॉल असतं, तेच लवंगेतही. हे तेल वाफेबरोबर उडतं. घरभर घमघमाट सुटला, की समजा, कपातलं तेवढं कमी झालं. पाणी उकळून गॅस बंद करा, कपाला आठ-दहा ताजी पानं हातानं चुरगळून टाका आणि घट्ट झाकून 5 ते 7 मिनिटं ठेवा. झाकणाच्या आत जमलेले थेंब फेकू नका, कपातच झटका. खरा माल तोच. सुकी पानं असतील तर एक छोटा चमचा पुरे. नुसत्या तुळशीत कॅफीन नसतं, त्यामुळे रात्रीही चालते. चहापत्ती घातलीत तर मात्र ते आलंच.

प्रश्न : सर्दी-खोकल्यावर खरंच उपयोग होतो?

उत्तर : घशाला आराम पडतो, कफ सुटायला मदत होते. चरकसंहितेत तुळस 'सुरस' या नावानं येते. उचकी, खोकला, दमा आणि कुशीतलं दुखणं यांवर ती सांगितली आहे. त्याच श्लोकात तिला पित्त वाढवणारीही म्हटलंय, ते मात्र कोणी सांगत नाही. छातीत जळजळ होत असेल तर दिवसाला एक कप पुरे, तोही रिकाम्या पोटी नको. मध घालायचा तर चहा कोमट झाल्यावर. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. ताप उतरत नसेल किंवा धाप लागत असेल, तर काढे करत बसू नका, डॉक्टर गाठा.

प्रश्न : मला मधुमेह आहे. तुळस सुरू करून गोळ्या कमी करू का?

उत्तर : नाही. काही छोट्या अभ्यासांत तुळशीनं साखर थोडी उतरलेली दिसली आहे, पण तेवढ्यावर गोळी सोडता येत नाही. उलट गोळी आणि तुळस मिळून साखर जास्तच उतरू शकते. रोज घेणार असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला आणि साखर तपासत राहा.

प्रश्न : वडील रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांना द्यावा का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा नको. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधीच बंद करा. गरोदर बायकांनी आणि मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांनीही रोज पिऊ नये.

प्रश्न : पानात पारा असतो, चावू नये म्हणतात. खरं का?

उत्तर : पाऱ्याच्या गोष्टीला भरवशाचा पुरावा नाही. खुशाल चावा.

प्रश्न : कृष्ण तुळस चांगली की राम तुळस?

उत्तर : कृष्ण तुळस जास्त तिखट आणि उग्र, राम तुळस सौम्य. कीटकनाशक न मारलेली जी मिळेल ती घ्या. सब्जाचं रोप दिसायला जवळचं, पण वेगळं. त्याच्या पानांचा चहा केलात तर तो तुळशीचा नव्हे.